इंग्रजीचा पेपर : वाचकांचे प्रश्न, शिक्षकांची उत्तरं

पूर्वपरीक्षेचे पेपर मुलांच्या हातात पडले की या सदराच्या टपालात इंग्रजीचे प्रश्न वाढतात. या वेळी ओझर, सिन्नर, दिंडोरी, पंचवटी, सिडको आणि नाशिकरोडहून आलेले प्रश्न निवडले आहेत. दहावीची उत्तरं मराठी माध्यमाच्या, म्हणजे इंग्रजी तृतीय भाषा असलेल्या मुलांसाठी आहेत. ज्यांची प्रथम भाषा इंग्रजी आहे त्यांचा आराखडा वेगळा असतो. त्यांनी इथले गुणांचे आकडे उचलू नयेत.

प्रश्न : मी मराठी माध्यमात दहावीला आहे. पुस्तकातल्या सगळ्या धड्यांची प्रश्नोत्तरं पाठ केली होती, तरी पूर्वपरीक्षेत 80 पैकी 41च गुण पडले. कुठे चुकतंय?
– विद्यार्थिनी, ओझर

उत्तर : तुझी मेहनत खरी आहे, पण तू जे पाठ केलंस त्याला या कृतिपत्रिकेत, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेत, फारशी जागाच नाही. 80 गुण कसे वाटलेत ते आधी नीट बघ. भाषाभ्यास 10, पुस्तकातले दोन उतारे 20, कविता 10, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि समरी (सारांश) मिळून 15, लेखनकौशल्य 20, भाषांतर 5. म्हणजे पुस्तकाशी थेट संबंध असलेले गुण 30. त्यातही उतारा आणि कवितेच्या ओळी कृतिपत्रिकेत छापूनच येतात. उत्तर तुझ्या डोळ्यांसमोर असतं, ते शोधता यायला हवं. पाठ केलेलं उत्तर उतरवायला गेलीस तर कृती एक विचारते आणि उत्तर भलतंच होतं.

प्रत्येक उताऱ्याखाली 2-2 गुणांच्या पाच कृती असतात. पहिल्या दोन आकलनाच्या, तिसरी शब्दसंग्रहाची, चौथी व्याकरणाची, पाचवी पर्सनल रिस्पॉन्सची. अनेक मुलांचे गुण या पाचव्या कृतीत जातात. उताऱ्यातलीच दोन वाक्यं उचलून लिहिली की गुण कापले जातात, कारण तिथे तुझं मत विचारलेलं असतं. साधा साचा ठेव. पहिल्या वाक्यात तुझं मत, पुढच्या दोन वाक्यांत दोन कारणं, आणि जमलं तर रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण. चार वाक्यं पुरतात. वाक्यं छोटी असली तरी चालतील, पण कर्ता आणि क्रियापद जुळलेलं हवं.

उतारा वाचण्याचा क्रमही बदलून बघ. आधी पाचही कृती वाच, मग उतारा. काय शोधायचंय हे ठाऊक असलं की पेन्सिलीने खुणा करत एकाच वाचनात निम्मी उत्तरं सापडतात. आधी उतारा, मग कृती, मग पुन्हा उतारा असं केलं की प्रत्येक उताऱ्यामागे पाच-सात मिनिटं वाया जातात.

तीन तासांची वाटणी अशी करून बघ : भाषाभ्यास 20 मिनिटं, दोन उतारे 40, कविता 20, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि समरी 35, लेखन 45, भाषांतर 10, शेवटची 10 तपासायला. या दहा मिनिटांत फक्त तीन गोष्टी बघायच्या : कृतींचे क्रमांक बरोबर पडलेत का, क्रियापदाला 'एस' राहिलाय का, आणि वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल आहे का. उत्तरं नव्याने लिहीत बसू नकोस.

प्रश्न : रिपोर्टेड स्पीच आणि पॅसिव्हचे नियम तोंडपाठ आहेत. क्लासमध्ये जमतं, पेपरात मात्र गोंधळ उडतो.
– दहावीचा विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तू नियम तक्ता म्हणून पाठ केले आहेस. वाक्य समोर आल्यावर कोणता नियम आधी लावायचा हे ठरलेलं नसतं, म्हणून गोंधळ होतो. क्रम पक्का कर, मग वाक्य कितीही लांब असो.

हे वाक्य घे : द टीचर सेड टु अस, "आय विल चेक युअर नोटबुक्स टुमॉरो." पहिलं पाऊल, 'सेड टु'चं 'टोल्ड'. दुसरं, सर्वनामं : 'आय' हा बोलणाऱ्याचा, म्हणून शिक्षकांसाठी 'ही', 'युअर' हा ऐकणाऱ्यांचा, ऐकणारे आपण, म्हणून 'अवर'. तिसरं, काळ : 'विल'चं 'वुड'. चौथं, वेळ दाखवणारा शब्द : 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'. झालं वाक्य : द टीचर टोल्ड अस दॅट ही वुड चेक अवर नोटबुक्स द नेक्स्ट डे. अवतरणचिन्हं जातात, हेही विसरायचं नाही.

सर्वांत जास्त मुलं तिसऱ्या पावलावर चुकतात आणि त्याला कारण आहे. आपण मराठीत म्हणतो, 'सर म्हणाले की मी उद्या वह्या तपासेन.' 'की' लावल्यावरही आपण काळ बदलत नाही आणि 'मी'सुद्धा तसाच ठेवतो. डोक्यात हे वाक्य तयार होतं आणि हात तेच इंग्रजीत उतरवतो. म्हणून हा प्रकार मनात भाषांतर न करता, चार पावलं मोजतच सोडवायचा.

प्रश्नार्थक वाक्यात दुसरा खड्डा आहे. "व्हेअर डू यू लिव्ह?" याचं 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड' होतं. 'डू' पूर्ण निघून जातो. 'व्हेअर डिड आय लिव्ह' असं लिहिलं की चूक, कारण रचना प्रश्नाचीच राहते. 'हो-नाही' उत्तराच्या प्रश्नात 'इफ' लागतो, आणि त्याच्या जोडीला 'दॅट' कधीच येत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो यासारख्या कायम सत्याचा काळ बदलायची गरज नसते.

पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, नियम माहीत असूनही एक शब्द गळतो. फार्मर्स आर सेलिंग अनियन्स ॲट लासलगाव. याचं 'अनियन्स आर बीइंग सोल्ड ॲट लासलगाव बाय फार्मर्स' होतं. चालू काळातला तो 'बीइंग' खातात आणि 'अनियन्स आर सोल्ड' लिहितात. मग काळच बदलतो. आणि ज्या वाक्यात कर्मच नाही, उदाहरणार्थ 'द ट्रेन अराइव्हज ॲट नाशिकरोड', त्याचा पॅसिव्ह होत नाही. सरावाला वाक्य निवडताना आधी कर्म शोध.

क्वेश्चन टॅगमध्ये, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या 'हो ना?' अशा छोट्या प्रश्नात, तीन जागा सांभाळ. 'आय ॲम' असेल तर टॅग 'आरंट आय'. 'लेट अस' असेल तर 'शॅल वुई'. आणि वाक्यात 'हार्डली', 'नेव्हर', 'फ्यू' असे शब्द असतील तर वाक्य नकारार्थीच धरायचं, म्हणजे टॅग होकारार्थी : ही हार्डली स्पीक्स, डज ही?

इतकं सांगूनही एक हिशोब लक्षात ठेव. तीन उताऱ्यांतली व्याकरणाची कृती मिळून 6 गुणांची आहे. मात्र पत्र, समरी, पर्सनल रिस्पॉन्स यांतली वाक्यं चुकली की गळती तिथेही सुरू होते. म्हणून नियमांइतकंच आपल्या भागातल्या मुलांच्या ठरलेल्या चुकांवर काम करायला हवं. 'मी दहा वर्षांपासून नाशिकमध्ये राहतो' याचं मुलं 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स' करतात. बरोबर वाक्य : आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर टेन इयर्स. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स'. 'वन ऑफ माय फ्रेंड' नाही, 'फ्रेंड्स'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नाही. 'रिटर्न'नंतर 'बॅक' नाही. सख्ख्या भावाला 'रिअल ब्रदर' म्हणायचं नाही, 'ब्रदर' पुरतं. 'ए' आणि 'द' तर आपल्या भाषेत नाहीतच, त्यामुळे ते सुटतात. लिहून झाल्यावर प्रत्येक एकवचनी नामावर बोट ठेवून 'इथे काही हवं का' असं विचार.

वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आख. डावीकडे तुझं चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गाइड बाजूला ठेव आणि ही पानं वाच.

प्रश्न : कवितेचं ॲप्रिसिएशन (रसग्रहण) लिहिताना नेमकं काय द्यायचं? राइम स्कीम आणि फिगर ऑफ स्पीच नेहमी चुकतं.
– विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : हे 5 गुण ठरलेल्या मुद्द्यांचे आहेत : कवितेचं नाव अर्धा, कवी अर्धा, राइम स्कीम 1, फिगर ऑफ स्पीच 1, आणि मध्यवर्ती कल्पना दोन-तीन ओळींत 2. त्यामुळे सलग निबंध न लिहिता मुद्द्यांची नावं देऊन लिहायचं. कवीच्या नावाचं स्पेलिंग पुस्तकात बघून लिहून लिहून पक्कं कर.

राइम स्कीम कानाने ठरते, स्पेलिंगने नाही. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मोठ्याने म्हण. चार ओळींच्या शेवटी 'नाइट, स्काय, ब्राइट, हाय' असेल तर 'ए बी ए बी'. 'स्काय' आणि 'हाय'चं स्पेलिंग वेगळं असलं तरी आवाज जुळतो, म्हणून दोघांना 'बी'. उलट 'कम' आणि 'होम' यांची शेवटची तीन अक्षरं सारखी, पण आवाज जुळत नाही, म्हणून त्यांना वेगवेगळी अक्षरं. परीक्षा हॉलमध्ये मोठ्याने म्हणता येत नाही, तेव्हा ओठ हलवत म्हण. कवितेत यमकच नसेल तर तसं स्पष्ट लिही, ओढूनताणून अक्षरं लावू नकोस.

फिगर ऑफ स्पीचसाठी एकच चंद्र घेऊन फरक बघ. 'द मून सेल्ड लाइक अ सिल्व्हर बोट' : 'लाइक' आहे, तुलना उघड आहे, सिमिली. 'द मून वॉज अ सिल्व्हर बोट' : 'लाइक' किंवा 'ॲज' नाही, चंद्रालाच होडी म्हटलं, मेटाफर. 'द मून स्माइल्ड ॲट द स्लीपिंग टाउन' : हसणं माणसाचं, ते चंद्राला दिलं, पर्सॉनिफिकेशन. अलिटरेशन, म्हणजे जवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज येणं, हेही आवाजावर चालतं. 'काइट' आणि 'कॅट' यांची पहिली अक्षरं वेगळी, पण आवाज 'क'चा, म्हणून चालतं. 'सिटी' आणि 'कॅट' यांचं पहिलं अक्षर एक, पण आवाज वेगळा, म्हणून चालत नाही.

नुसतं नाव लिहून थांबू नकोस. ओळ उतरव, अलंकाराचं नाव लिही, आणि कशाची कशाशी तुलना झाली ते एका वाक्यात सांग. मध्यवर्ती कल्पनेत 'पहिल्या कडव्यात कवी म्हणतो, दुसऱ्या कडव्यात कवी म्हणतो' अशी गोष्ट सांगायची नसते. कवीला वाचकापर्यंत काय पोचवायचंय ते एक वाक्य, त्यासाठी त्याने काय वापरलं ते दुसरं. प्रत्येक कवितेसाठी ही दोन वाक्यं स्वतः लिहून शिक्षकांकडून तपासून घे. गाइडमधली वाक्यं मुलं अर्ध्यात विसरतात, स्वतः लिहिलेली सहसा विसरत नाहीत.

प्रश्न : पत्राला 5 पैकी 3च गुण पडतात आणि समरीला त्याहून कमी. मजकूर तर भरपूर लिहितो.
– विद्यार्थी, सिडको

उत्तर : भरपूर लिहिल्यामुळेच गुण जात असावेत. औपचारिक पत्राचा साचा आधी बघू. गोदाकाठच्या अस्वच्छतेबद्दल महापालिका आयुक्तांना पत्र आहे असं धर. सगळं डाव्या कडेला लावून : पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, 'टू' आणि खाली आयुक्त, नाशिक महानगरपालिका, नाशिक, मग विषय, मग 'सर/मॅडम', मग मजकूर, शेवटी 'युअर्स फेथफुली' आणि नाव. विषयाची ओळ सहा-आठ शब्दांची हवी, पूर्ण वाक्य नको. 'फेथफुली'च्या एफला कॅपिटल येत नाही. 'युअर्स'मध्ये आर आणि एसच्या मधे ॲपॉस्ट्रॉफी नसतो, हे तर दरवर्षी शेकडो वह्यांत चुकतं.

मजकुराचे तीन छोटे परिच्छेद कर. पहिल्यात कुठे आणि केव्हापासून : रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर निर्माल्य आणि प्लॅस्टिक साचलंय. दुसऱ्यात त्याने काय होतं : दुर्गंधी, डास, भाविक आणि रहिवाशांना त्रास. तिसऱ्यात नेमकी मागणी : निर्माल्य कलश ठेवा, रोज सफाई करा. 'कृपया योग्य ती कारवाई करा' एवढंच लिहिलं तर ती मागणी पोकळ राहते. प्रश्नात मुद्दे किंवा जाहिरात दिली असेल तर तिच्यातला प्रत्येक तपशील पत्रात यायला हवा, आणि त्यात स्वतःची दोन वाक्यं मिळवायची. स्वतःचं खरं नाव, शाळा किंवा गाव लिहायचं नाही. प्रश्नात दिलेलंच नाव वापरायचं.

समरीला मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश शब्द. उतारा 120 शब्दांचा असेल तर 40. आधी उताऱ्यातल्या प्रत्येक दोन-तीन वाक्यांमागे एक मुद्दा समासात लिही. उदाहरणं, संवाद, एकच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणारी वाक्यं काढून टाक. उरलेले मुद्दे जोडून एकच परिच्छेद लिही, स्वतःचं मत घालू नकोस, वर योग्य शीर्षक दे. उताऱ्यातली वाक्यं एकाआड एक उचलणं म्हणजे समरी नव्हे. तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं.

तक्त्यावरून परिच्छेद लिहायचा असेल तर प्रत्येक आकडा वाचून दाखवायची गरज नाही. सर्वांत जास्त, सर्वांत कमी आणि एखादा ठळक फरक सांग. तक्त्यात नसलेली माहिती मात्र घालू नकोस.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. खुडा आणि बोर्डाची परीक्षा एकाच वेळी येतात, मुलाला पूर्ण वेळ अभ्यासाला बसवता येत नाही. इंग्रजीत तो कच्चा आहे. क्लास लावणंही शक्य नाही. निदान पास कसा होईल?
– पालक, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई-दादा, काळजी समजते. रोजचा पाऊण तास मोकळा करून द्या, पण तो ठरलेला असू द्या, शक्यतो पहाटे किंवा मजूर यायच्या आधी. त्या वेळेत त्याने वाचत बसू नये, लिहावं. कच्च्या मुलाची सगळ्यात मोठी अडचण ही असते की डोळ्यांनी वाचलेलं त्याला येतंय असं वाटतं आणि पेन हातात घेतलं की स्पेलिंग सुटतं.

कमी कष्टात हाती लागणारे गुण आधी घ्या. भाषाभ्यासाच्या 10 गुणांत अर्धवट शब्द पूर्ण करणं, शब्द वर्णानुक्रमे लावणं, विरामचिन्हं घालणं, शब्दसाखळी, एका मोठ्या शब्दातून छोटे शब्द काढणं असे प्रकार येतात. त्यांना मोठं व्याकरण लागत नाही, सराव लागतो. भाषांतराच्या 5 गुणांत शब्द, सोपी वाक्यं आणि म्हण किंवा वाक्प्रचार मराठीत आणायचा असतो. तिथे त्याचं मराठीच कामाला येतं. म्हणींचं शब्दशः भाषांतर करू नये एवढं त्याला सांगा. 'प्रॅक्टिस मेक्स अ मॅन परफेक्ट' असेल तर 'सरावाने माणूस तरबेज होतो' किंवा जवळची मराठी म्हण. त्यानंतर कवितेच्या ॲप्रिसिएशनचे नाव आणि कवी, मग पत्राचा साचा, मग उताऱ्यातल्या पहिल्या दोन आकलनाच्या कृती.

आठवडा असा लावा : दोन दिवस भाषाभ्यास आणि भाषांतर, दोन दिवस एकेक उतारा घड्याळ लावून 20 मिनिटांत, एक दिवस पत्र, एक दिवस कविता. रविवारी बोर्डाची एक जुनी कृतिपत्रिका, पूर्ण तीन तास बसणं होत नसेल तर दोन भागांत. तपासायला शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे पाठवा. आठवड्यातून एक पेपर ते नक्की बघतील. आणि एकही कृती कोरी सोडायची नाही हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. 2 गुणांच्या कृतीत एक भाग जरी बरोबर आला तरी गुण मिळतो.

तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेत असतात. खुडा चालू असला तरी त्या दिवशी गैरहजर राहू देऊ नका.

प्रश्न : बारावीला कादंबरीचा विभाग 16 गुणांचा आहे. पूर्ण कादंबऱ्या वाचायला वेळ नाही. पुस्तकातल्या उताऱ्यांवर भागेल का?
– बारावी विज्ञान, नाशिकरोड

उत्तर : भागेल, पण उतारा कथेत नेमका कुठे बसतो हे माहीत नसेल तर उत्तर अधांतरी राहतं. म्हणून आधी प्रत्येक कादंबरीचं एका पानाचं टिपण कर : कथा कुठे घडते, मुख्य पात्रं कोण, अडचण काय, ती कशी सुटते. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' घे. 20,000 पौंडांची पैज, फिलियस फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू, पाठलागावर असलेला डिटेक्टिव्ह फिक्स, भारतात वाचवलेली आऊदा. शेवट समजून घेणं महत्त्वाचं : फॉग सतत पूर्वेकडे प्रवास करत गेला, त्यामुळे पृथ्वीप्रदक्षिणेत त्याला एक दिवस जास्त मिळाला आणि हरलो असं वाटत असताना तो पैज जिंकला. कथानकावरच्या प्रश्नात हे कारण लिहिणारा आणि 'तो वेळेवर पोचला' एवढंच लिहिणारा यांच्या गुणांत फरक पडतो.

उत्तर साधारण 50 शब्दांत मागतात. पात्रावर प्रश्न असेल तर एकच गुण निवड आणि त्याला उताऱ्यातला एक प्रसंग जोड. 'ब्रेव्ह, ऑनेस्ट, काइंड, हार्डवर्किंग' अशी विशेषणांची रांग लावली तर एकालाही आधार राहत नाही. स्थळकाळावर प्रश्न असेल तर जागेचं नाव लिहून थांबू नये, त्या जागेमुळे कथेत काय घडलं ते लिहावं. कादंबरीच्या इतिहासावरच्या वस्तुनिष्ठ भागासाठी लेखक, कादंबरी आणि प्रकार यांचा तीन रकान्यांचा तक्ता पुरतो.

वेळ काढता आला तर एक तरी कादंबरी पूर्ण वाच. 1840 पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय शहरातच आहे. अभ्यासक्रमातल्या तीन कादंबऱ्यांपैकी 'द साइन ऑफ फोर' आकाराने आटोपशीर आहे, तिथून सुरुवात कर.